पाच गुंठ्यांचा समुद्र

टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्याला मराया नावाचं बेट आहे. त्याच्या कडेच्या थंडगार पाण्यात दोन पाणबुडे उतरतात आणि तळाच्या खडकावर ५० मीटरची फीत अंथरतात. फीत साधीच, आपल्याकडे प्लॉट मोजायला आणतात तसली. मग फितीच्या कडेने संथ पोहत जायचं. दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर, आणि वरच्या पाण्यातही पाच मीटर, एवढ्या जागेत जो मासा दिसेल त्याची जात, संख्या आणि अंदाजे लांबी हातातल्या पाटीवर पेन्सिलीने लिहायची. ते झालं की दुसरी फेरी, आणि ती खडकाला नाक लावून. या वेळी फितीला लागून फक्त एक-एक मीटरचा पट्टा बघायचा. शैवालाची पानं हाताने बाजूला सारायची, कपारीत बॅटरी मारायची आणि शेवंडं, शंख, तारामासे, काटेरी अर्चिन, खबदाडीत दडून बसणारे बोटभर मासे सगळे मोजायचे. शेवटी तळाचे २० फोटो. नंतर जमिनीवर बसून त्या प्रत्येक फोटोवर पाच ठिपके टाकायचे आणि ठिपक्याखाली काय आहे ते लिहायचं: शैवाल, स्पंज की नुसता खडक. म्हणजे एका फितीचे १०० ठिपके.

माशांसाठी पाहिलेली जागा होते ५०० चौरस मीटर. आपल्या सातबाऱ्याच्या भाषेत जेमतेम पाच गुंठे.

रीफ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोवळ्यांचे रंगीत ताटवे येतात, आणि ऑस्ट्रेलिया म्हटलं की ग्रेट बॅरिअर रीफ. मला सांगायचंय ते तिच्याबद्दल नाही. त्याच देशाच्या दक्षिण अंगाला दुसरी रीफ आहे. ती पोवळ्यांची नाही, दगडाची आहे. कोकणात किनाऱ्याला ज्याला खडप म्हणतात, तसलं खडप पाण्याखाली मैलोन्‌मैल पसरलेलं आणि त्यावर शैवालांचं रान. या सगळ्याला मिळून एक नावसुद्धा नव्हतं. २०१६ साली शास्त्रज्ञांनी ते ठेवलं, ग्रेट सदर्न रीफ. न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागातून ती निघते, खंडाच्या दक्षिणेला वळसा घालते, टास्मानियाला कवेत घेते आणि थेट पश्चिम किनाऱ्यावरच्या कलबारीपर्यंत पोचते. लांबी सुमारे ८,००० किलोमीटर. शाळेत आपण महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर म्हणून पाठ केला होता. तसे अकरा किनारे एकापुढे एक जोडा. क्षेत्रफळ सुमारे ७१,००० चौरस किलोमीटर. मुंबईसकट अख्खा कोकण विभाग त्यात दोनदा मावतो आणि वर जागा उरते. दहातली सात ऑस्ट्रेलियन माणसं या रीफपासून ५० किलोमीटरच्या आत राहतात.

आता हा पसारा आणि ते पाच गुंठे एकमेकांशेजारी ठेवून बघा.

७१,००० चौरस किलोमीटर म्हणजे ७,१०० कोटी चौरस मीटर. पाचशेने भागलं की १४ कोटी २० लाख फिती. समशीतोष्ण पाणी थंड असतं, हवेची टाकी संपते, दुपारनंतर वारा सुटतो. तरी एका जोडीने रोज दोन फिती केल्या, वर्षाचे ३६५ दिवस, एकही सुट्टी न घेता, असं धरू. संपूर्ण रीफ एकदा मोजून व्हायला १ लाख ९४ हजार वर्षं लागतील. ऑस्ट्रेलियात माणसाचं पहिलं पाऊल पडलं त्याला पन्नास हजार वर्षांहून थोडा जास्त काळ झाला, असं मानतात. त्या पहिल्या माणसांनी उतरल्या दिवशी मोजायला सुरुवात केली असती, तरी आज काम निम्म्यावरसुद्धा आलं नसतं. अर्थात सगळी रीफ बुडी मारण्याइतकी उथळ नाही, त्यामुळे हा हिशेब कागदावरचाच. पण तो एकदा मनात नीट बसला की पुढचे आकडे किती महागात पडलेले आहेत ते कळतं.

मोजणारे अर्थातच सगळा समुद्र मोजायला जात नाहीत. शितावरून भाताची परीक्षा करायची. फक्त इथे अट अशी की दर वर्षी तेच शीत चाचपायचं: तीच जागा, तीच खोली, तीच पद्धत, जमेल तितका तोच मोसम. एका वर्षीची मोजणी म्हणजे नुसती यादी. तीच फीत पुढच्या वर्षी त्याच खडकावर पडली की तुलना सुरू होते, आणि तिसाव्या वर्षी पडली की तो इतिहास होतो. माझ्या मते या सगळ्या कामातली खरी अवाढव्य गोष्ट ही आहे. आकडा मोठा नाही, चिकाटी मोठी आहे.

आणि ती किती बारीक कामाची चिकाटी आहे तेही जरा जवळून बघू. पाणी, काच आणि मुखवट्यातली हवा यांतून प्रकाश वाकतो, त्यामुळे पाण्याखाली प्रत्येक वस्तू जवळ आल्यासारखी, सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते. ३० सेंटिमीटरचा मासा डोळ्याला ४० सेंटिमीटरचा वाटतो. नवशिक्या माणसाने डोळ्यांवर विश्वास ठेवून लिहिलं तर त्याच्या पाटीवरचा प्रत्येक मासा फुगलेला निघेल, आणि लांबीवरून वजन काढलं की चूक आणखी वाढेल. कारण वजन लांबीच्या घनाच्या हिशेबाने वाढतं. लांबी एक तृतीयांशाने जास्त धरली की वजन दुपटीच्याही वर जातं. म्हणून डोळ्याला वळण लावावं लागतं. जे दिसतं त्यातून किती वजा करायचं ते हाडीमाशी मुरेपर्यंत सराव करावा लागतो. त्यात मासे काही हजेरीला उभे नसतात. समोरून तीनशे माशांचा थवा गेला तर एकेक मोजत बसता येत नाही. एक गट नजरेत धरायचा आणि असे किती गट गेले ते मोजायचं. मागून आलेला मासा मोजायचा नाही, एकदा लिहिलेला परत फिरून आला तर पुन्हा लिहायचा नाही. काही मासे पाणबुड्याच्या मागेच लागतात, काही त्याला पाहून पळतात. हे सगळं बोटं गारठलेली असताना, लाटेचा हेलकावा सोसत.

या पद्धतीची पाळंमुळं टास्मानियात आहेत. १९९१ साली तिथल्या सरकारने चार जागा सागरी राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केल्या: मराया बेट, टिंडरबॉक्स, नाइनपिन पॉइंट आणि गव्हर्नर बेट. ग्रॅहम एडगर आणि नेव्हिल बॅरेट या दोन शास्त्रज्ञांनी लगेच, १९९२ पासून, राखीव क्षेत्राच्या आत आणि बाहेर मोजणी सुरू केली. लगेच, याला फार महत्त्व आहे. मासेमारीवर बंदी आल्यावर दहा वर्षांनी जाऊन 'इथे मासे भरपूर आहेत' असं म्हटलं तर ते आधीपासूनच भरपूर होते की बंदीमुळे वाढले, हे सांगता येत नाही. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला जमीनच नसते.

मरायाचं राखीव क्षेत्र काही मोठं नाही. त्यात किनाऱ्याचे जेमतेम सात किलोमीटर येतात, बोटीने अर्ध्या तासात पार होतील इतके. पण पहिल्या काही वर्षांतच तिथल्या शेवंडांचं एकूण वजन दहापटीच्या घरात गेलं. ट्रंपेटर नावाचा खाण्याचा मासा, जो बाहेर जाळ्यांत सतत सापडत होता, तो आत जवळजवळ शंभरपटीने वाढला. चारांतल्या छोट्या क्षेत्रांत मात्र एवढा फरक पडला नाही. आणि मरायातही सगळंच वाढलं असं नाही. अबॅलोनी म्हणजे खडकाला चिकटून बसणारा मोठा, महागडा शंख; तो राखीव क्षेत्राच्या आत हळूहळू कमी होत गेला. कारण त्याला खाणारे वाढले होते. मला ही नोंद फार मोलाची वाटते. राखीव क्षेत्र म्हणजे सगळ्यांची भरभराट, अशी गोड समजूत बाळगून कोणी मोजायला गेलं असतं तर ती खालावणारी रेघ नकोशी झाली असती. मोजणाऱ्यांनी ती मांडली. राखीव पाण्यात कोण कोणाला खातं हा जुना व्यवहार परत सुरू झाला होता, आणि त्याचा जमाखर्च त्या रेघेत होता.

२००७ साली एडगर आणि रिक स्टुअर्ट-स्मिथ यांनी याच कामाचं दार सर्वसामान्य पाणबुड्यांना उघडलं. रीफ लाइफ सर्व्हे असं त्या उपक्रमाचं नाव. हौसेने बुड्या मारणाऱ्या लोकांना शास्त्रज्ञांच्या जोडीला बसवून, त्यांची मोजणी शास्त्रज्ञांच्या मोजणीशी जुळेपर्यंत शिकवायचं आणि मगच त्यांचे आकडे वहीत घ्यायचे. नोकरी-धंदा सांभाळून, स्वतःच्या सुट्ट्या खर्चून ही माणसं पाण्यात उतरतात. एक तास पाण्याखाली, आणि नंतर टेबलापाशी फोटो ताडून बघत, जातींची नावं पक्की करत कित्येक तास.

या सगळ्या मेहनतीतून किती समुद्र बघून झाला? ऑस्ट्रेलियाभोवतीच्या १,६३६ ठिकाणांचे आकडे एकत्र करून २०२३ साली 'नेचर'मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक ठिकाणी एक फीत धरली तर जागा होते ८ लाख १८ हजार चौरस मीटर, म्हणजे एक चौरस किलोमीटरही नाही. दादरचं शिवाजी पार्क सुमारे १ लाख १३ हजार चौरस मीटरचं आहे. तशी सात मैदानं. मी संध्याकाळी त्या कट्ट्याभोवती फेरी मारताना हा हिशेब केला आणि थबकलोच. एका अख्ख्या खंडाच्या उथळ समुद्राबद्दल आज जे खात्रीने सांगता येतं, त्यातलं फार मोठं ज्ञान अशा सात मैदानांएवढ्या जागेतून आलेलं आहे. तिथे पुन्हा पुन्हा जाऊन, ती जागा इंच इंच बघून.

आता त्या जागेने काय सांगितलं ते.

मराया बेटाजवळ समुद्राचं तापमान १९४४ पासून नोंदलं जातं आहे. तिथलं पाणी शतकाला सव्वादोन अंशांहून जास्त, या वेगाने तापत आहे. हा वेग जगातल्या समुद्रांच्या सरासरीच्या तिप्पट-चौपट आहे. कारण पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाह, उत्तरेकडून कोमट पाणी आणणारी समुद्रातली ती नदी, आता पूर्वीपेक्षा जास्त दक्षिणेला सरकतो. सव्वादोन अंश म्हणजे आपल्याला पंखा एका घराने वाढवण्याइतका फरक. पाण्यात जन्मणाऱ्या जिवाला मात्र तो देश बदलण्याइतका. २०१५-१६ च्या उन्हाळ्यात टास्मान समुद्रात उष्णतेची लाट आली ती २५१ दिवस टिकली. ऐन भरात पाणी नेहमीपेक्षा २.९ अंशांनी गरम होतं, आणि त्या तापलेल्या पाण्याचा विस्तार टास्मानियाच्या किमान सातपट होता.

याच पाण्यात एके काळी राक्षसी केल्पची रानं होती. केल्प म्हणजे शैवालच, पण ३० मीटरांवर उंच. दहा मजली इमारतीएवढं झाड तळाच्या खडकाला मुठीने धरून उभं असतं आणि प्रत्येक पानाच्या देठाशी असलेला हवेचा छोटा फुगा त्याला वर ओढून धरतो. मनाजोगतं थंड, पोषक पाणी मिळालं तर हे झाड दिवसाला अर्ध्या मीटरपर्यंत वाढतं. सकाळच्या चहाच्या वेळी बघून ठेवलेला शेंडा दिवेलागणीला वीतभर वर गेलेला असतो. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या रानाला संपवणं अवघड वाटावं. पण टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जेवढं राक्षसी केल्प होतं, त्यातलं सुमारे ९५ टक्के गेलं. २०१२ साली ऑस्ट्रेलियाने या रानांची राष्ट्रीय कायद्याखाली धोक्यातला अधिवास म्हणून नोंद केली. पाणी तापलं की त्यातली पोषकद्रव्यं घटतात आणि केल्प उपाशी पडतं.

त्यावर आणखी एक संकट चालून आलं, काट्यांचं. लांब काट्यांचा काळा अर्चिन मुळात न्यू साउथ वेल्सचा रहिवासी. टास्मानियात तो पहिल्यांदा १९७८ साली दिसला. तो तिथे कसा पोचला याचं उत्तर एका आकड्यात आहे: १२ अंश. त्याची पिल्लं हिवाळ्यात, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतकी बारीक असताना, सुमारे शंभर दिवस पाण्यावर वाहत राहतात आणि १२ अंशांखालच्या पाण्यात ती जगत नाहीत. पूर्वी टास्मानियाचा हिवाळा या रेषेच्या खाली असे. आता तो बहुतेक वर्षी रेषेच्या वर असतो. दाराची कडी निघाली, एवढंच झालं.

२००१-०२ च्या पाहणीत पूर्व किनाऱ्यावरच्या रीफचा साधारण ३ टक्के भाग अर्चिनांनी चरून उघडा पाडलेला होता. २०१६-१७ मध्ये त्याच जागा पुन्हा पाहिल्या तेव्हा तो १५ टक्के झाला होता. अर्चिनांची संख्या दोन कोटींच्या आसपास. टास्मानियाची लोकसंख्या पावणेसहा लाख; म्हणजे तान्ह्या बाळासकट माणशी ३५ अर्चिन. एखाद्या पाणबुड्याने दर पाच सेकंदाला एक, या गतीने ते वेचायला घेतले आणि रोज चार तास पाण्याखाली काढले, तर त्याला १९ वर्षं लागतील, आणि तेवढ्या काळात प्रवाहाबरोबर नवी पिल्लं येतच राहतील. अर्चिनांनी चरलेला तळ म्हणजे गुळगुळीत, फिकट, बोडका खडक आणि त्यावर काळे काटे हलत असलेले. रान खाऊन संपल्यावरही ते मरत नाहीत. खडकावरच्या पातळ शेवाळी थरावर वर्षानुवर्षं तग धरतात आणि नवा कोंब उगवू देत नाहीत.

या अर्चिनाला खाणारा तिथे एकच जबरदस्त प्राणी आहे, आपलं शेवंड. पण कुठलंही नाही, मोठं शेवंड. ज्याच्या पाठीचं कवचच १४ सेंटिमीटरांच्या वर आहे, असं शेवंड त्या लांब काट्यांतून वाट काढून मोठा अर्चिन उलटा करू शकतं. आणि मासेमारीत शेवंड पकडायची परवानगी मिळते ती कवच ११ सेंटिमीटरच्या आसपास झालं की. या दोन आकड्यांमध्ये फक्त तीन सेंटिमीटर आहेत. अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडं जास्त. पण ते तीन सेंटिमीटर वाढायला त्या शेवंडाला वर्षं लागतात, आणि नेमकी तीच वर्षं सापळ्यांच्या समुद्रात त्याच्या वाट्याला येत नाहीत. राखीव क्षेत्रात येतात. एकेका शेवंडाचं तिथपर्यंत पोचणंही सोपं नसतं. मादी लाखांनी अंडी घालते, त्यांतून निघालेली काचेसारखी पारदर्शक, चपटी पिल्लं भर समुद्रात दीड-दोन वर्षं भरकटतात, आणि त्यांतली मोजकीच कधीतरी एखाद्या खडकाला लागतात. एवढं करून आलेल्या जिवाला आपण तीन सेंटिमीटर आधी उचलतो. मराया बेटाच्या मोजणीत 'शेवंड' या एका रकान्यापुढे केवळ संख्या नाही, लांबीही लिहिली जाते, ती यासाठी. शंभर छोटी शेवंडं अर्चिनांपुढे हतबल असतात. दहा मोठी रान राखू शकतात. एक मात्र खरं की असा बोडका माळ एकदा पसरला की नुसती शेवंडं वाढवून केल्प दशकभरात परत येत नाही. राखण आधी करावी लागते.

मरायातला अनुभव सगळीकडे येतो का, हे बघायला २०१४ साली याच मंडळींनी जगभरातली ८७ सागरी राखीव क्षेत्रं ताडून पाहिली. ४० देशांतल्या फितींचा हिशेब होता तो. पाच गुण धरले: मासेमारी पूर्ण बंद, बंदीची खरी अंमलबजावणी, दहा वर्षांहून जास्त वय, १०० चौरस किलोमीटरांहून जास्त आकार, आणि खोल पाण्याने किंवा वाळूने बाकीच्या रीफपासून तुटलेली जागा. ८७ पैकी ५९ टक्के क्षेत्रांत यांतला एखाददुसराच गुण होता, आणि ती क्षेत्रं बाहेरच्या, सर्रास मासेमारी चालणाऱ्या पाण्यापेक्षा वेगळी ओळखूच आली नाहीत. नकाशावर रेघ होती, पाण्यात नव्हती. पाचही गुण असलेली क्षेत्रं निघाली फक्त चार. पण जिथे चार-पाच गुण जमले, तिथे मोठ्या माशांचं वजन बाहेरच्या पाचपट भरलं आणि शार्कचं चौदापट. मला या आकड्यांनी एकाच वेळी धीरही दिला आणि रागही आणला. समुद्र इतक्या उदारपणे परतफेड करतो हे एकीकडे, आणि आपण त्याला निम्म्याहून जास्त वेळा नुसती पाटी लावून फसवतो हे दुसरीकडे.

परतफेड कुंपणाबाहेरही जाते. न्यूझीलंडच्या ऑकलंडच्या उत्तरेला ली इथलं राखीव क्षेत्र १९७५ मध्ये घोषित झालं, जगातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी ते एक. आकार पाच चौरस किलोमीटरांच्या जरा वर. आसपासच्या सुमारे ४०० चौरस किलोमीटर पाण्यात पकडलेल्या स्नॅपर माशांच्या पिल्लांची जनुकं शास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा दहातलं एक पिल्लू या चिमुकल्या क्षेत्रातल्या आईबापांचं निघालं. जागा ऐंशीत एक हिश्श्याच्या आसपास, आणि पोरं दहात एक. बंदीला विरोध करणाऱ्या मच्छीमाराला मी दुसरं काही सांगणार नाही, हाच आकडा सांगेन. कारण उद्या ती पोरं त्याच्याच गळाला लागणार आहेत.

आणि आता २०२३ चा तो अभ्यास, सात मैदानांचा. त्यात १,०५७ नेहमी आढळणाऱ्या जातींचा दशकभराचा चढउतार होता. बहुतेकांची संख्या घटलेली निघाली. घट बहुधा उष्ण लाटांच्या वर्षांनंतर झालेली, जेव्हा तिथलं पाणी २००८ च्या मानाने अर्ध्या अंशाहून जास्त तापलेलं होतं. अर्धा अंश. आपण तापमापकावर त्याकडे बघतसुद्धा नाही. मला सर्वात जास्त लागलेली गोष्ट मात्र जरा आतली आहे: थंड पाण्यात राहणाऱ्या उथळ समुद्रातल्या बिनकण्याच्या प्राण्यांपैकी, म्हणजे तारामासे, अर्चिन, शंख वगैरेंपैकी, ३० टक्क्यांहून जास्त जाती नामशेष होण्याच्या मोठ्या धोक्यात आहेत. पोवळ्यांची रीफ पांढरी पडली की जगभर फोटो छापून येतात. टास्मानियातला एखादा तपकिरी तारामासा कमी झाला की कोणाच्या लक्षातही येत नाही. उत्तरेकडच्या जातींना पाणी तापलं तर दक्षिणेला सरकता येतं. टास्मानियाच्या दक्षिण टोकाला असलेल्या जिवाने कुठे जायचं? पुढे खोल समुद्र, आणि अडीच हजार किलोमीटरांहून लांब अंटार्क्टिका. मध्ये आवाक्यातला, पाय टेकायला उथळ खडक नाही.

असा कोपऱ्यात सापडलेला एक जीव माझ्या मनातून जात नाही. लाल हँडफिश. तळहातात मावेल एवढा मासा. त्याला पोहणं फारसं जमत नाही, हातांसारख्या परांवर तो तळावरून चालतो. शेवंडाची मादी लाखांनी पिल्लं प्रवाहात सोडून देते, हँडफिशची मादी जेमतेम काही डझन अंडी शैवालाच्या काडीला चिकटवते आणि शेजारी राखण करत बसते. अंड्यातून थेट पूर्ण घडलेलं पिल्लू बाहेर येतं आणि तिथेच चालू लागतं. वाहून जाणं नाही, दूरचा खडक गाठणं नाही. त्यामुळे जिथून ही जात गेली तिथे ती आपोआप परत येत नाही. २०१८ च्या सुरुवातीपर्यंत जगात या माशाची एकच वस्ती ठाऊक होती, आग्नेय टास्मानियातली, वीस ते चाळीस माशांची.

त्या जानेवारीत कोणीतरी जवळच्या दुसऱ्या जागी असा मासा दिसल्याचं कळवलं. टास्मानिया विद्यापीठाचे आणि रीफ लाइफ सर्व्हेचे मिळून सात पाणबुडे दोन दिवस त्या पाण्यात शोधत होते. बऱ्याच वेळाच्या बुडीनंतर आता परत फिरायचं ठरलं, आणि तेवढ्यात त्यांच्यातल्या एकीने सहज एक शैवालाचा झुबका बाजूला सारला. खाली लाल मासा होता. त्या शोधात एकूण आठ मिळाले. दुसरी वस्तीही पहिलीएवढीच, वीस ते चाळीसची. दोन्ही वस्त्यांचा विस्तार प्रत्येकी सुमारे ५० मीटर लांब आणि २० मीटर रुंद.

५० गुणिले २०, म्हणजे हजार चौरस मीटर. दोन फितींची जागा, दहा गुंठे. अशा दोन जागा मिळून अर्धा एकर. एका संपूर्ण जातीचा ज्ञात प्रदेश एवढाच. २०२३-२४ च्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा फार तापणार असं दिसलं तेव्हा यांतले २५ मासे पकडून होबार्टच्या टाक्यांत हलवले, आणि पाणी निवल्यावर बहुतेकांना परत सोडलं. तिथे आता पाणबुडे नेमाने उतरतात, शैवालाचा एकेक झुबका हलक्या हाताने उघडून बघतात आणि तसाच मिटवून ठेवतात, चुकून एखाद्या अंड्याच्या काडीला धक्का लागू नये म्हणून. पाटीवर जातीचं नाव आधीच लिहिलेलं असतं. पुढचा रकाना रिकामा असतो, आणि काही दिसलं नाही तरी वर येण्याआधी त्यात शून्य लिहावंच लागतं.